कप्तानाचं पुढे काय झालं?

"तुझ्या त्या रडक्या कादंबरीवाचून माझं काही एक अडत नाही!" बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं. बायको हसली, कादंबरी पिशवीत टाकली आणि गाडीत बसली. अर्धीच वाचून झालेली कादंबरी!

जेवणं झाली की तिनं मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी भांडी विसळता विसळता "काहीतरीच!" म्हणायचं, हा त्या घरातला जुना शिरस्ता. आता भांडी होती, पण "काहीतरीच" म्हणायचं कुणाला? घर नुसतं खायला उठलं होतं. त्यात कादंबरीतला कप्तान भर समुद्रात वादळात सापडलेला, आणि त्याच्या बायकोमागे एक गुळमुळीत वकील लागलेला! डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला. फोनवर मात्र ऐट तीच. "छे, आठवणसुद्धा येत नाही!"

एके दिवशी दाढ ठणकते म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका खुर्चीत येऊन बसल्या. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. तीच कादंबरी! आणि बाईंचं बोट शेवटच्या पानात! डॉक्टरांनी सवयीनं त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि मग त्यांना विचारायचं सुचलं.

"बाई, मेला का हो तो?"

"उं! उं!"

"म्हणजे मेला? खरं काय ते सांगा, मी मन घट्ट केलंय!"

"उंऽऽ!"

"अरेरे! आणि त्याच्या बायकोला कुणी कळवलं की नाही?" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये फक्त एक पडदा. बाकावर गाल धरून बसलेला शिंपी ताडकन उठला.

"आत कुणीतरी गेलं वाटतं!"

"माझी दाढ दुखायची थांबली बुवा!" शेजारचा कंत्राटदार म्हणाला आणि चपला हातात घेऊनच पळाला. बघता बघता बाक रिकामा!

नर्स पडद्यातून डोकावली. "डॉक्टर, सगळे पळाले! शिंपी पोलिसांना बोलवायला गेलाय!"

"जाऊ दे गं!" म्हणत डॉक्टरांनी बोळे उपसले. "बाई, सांगा!"

बाईंनी दाढ विसरून सगळं खुलवून सांगितलं. हवालदार आत शिरला तेव्हा डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते.

"मेलंय कोण?"

"कुणी नाही हो! परत आला तो! बायको बंदरावर उभीच होती!"

हवालदारानं खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि डोकं खाजवत परत गेला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "अहो, एक सांगू? इथे आल्यापासून पुस्तक उघडलंच नाही मी. तुमच्याशिवाय वाचवतच नाही."

डॉक्टरांची सगळी ऐट तिथंच गळाली. "लवकर ये गं. तुझ्यावाचून मला अजिबात करमत नाही."

"मला वाटलं, कप्तानावाचून करमत नाही!"

"त्याचं काय, तो सुखरूप परत आला! आता तू ये!" डॉक्टर म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

पलीकडून बायको म्हणाली, "काहीतरीच!"