पाहुण्यावाचून उपाशी

कोंडाण्याच्या येसाजीने श्रावणात देवळात बसल्या बसल्या एक साधासा निश्चय केला आणि त्यापायी त्याच्यावर उपासमारीची पाळी आली. तीही कणगीत भात असताना आणि चुलीवर मडकं रटरटत असताना!

येसाजी म्हणजे अगदी सरळ माणूस. इतका सरळ, की वाटेत वळण आलं तरी त्याच्या ध्यानात यायचं नाही. बायको सोनाबाई शिमग्याच्या आधी गेली. एकुलती लेक सुंदरा लोधिवलीला दिलेली. घर गावाच्या अगदी शेवटाला, डोंगराच्या पायथ्याशी. मागे रान, आणि बाजूच्या कुडाच्या कुंपणापलीकडे एकट्या आंबाबाईचं खोपट. पावसाळ्यात तर त्या बाजूला वाट चुकलेलं जनावरसुद्धा फिरकत नसे. संध्याकाळी येसाजी ओट्यावर बसून समोरच्या घाटातून वर चढणारी आगगाडी बघायचा. एवढी माणसं गाडीत भरून चाललीत आणि एकालाही आपल्याकडे उतरावंसं वाटू नये, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. (गाडी तिथे थांबत नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

श्रावणात कर्जतहून एक शास्त्रीबुवा पुराण सांगायला येत. येसाजी रोज जाई. पुराण कळावं म्हणून नव्हे. देवळात माणसं असत, खोकत, जांभया देत, एकमेकांच्या पायावर पाय देत, म्हणून. तर एक दिवस शास्त्रीबुवा गृहस्थाचा धर्म सांगत होते. म्हणाले, "जो स्वतःपुरतंच रांधतो आणि अतिथीला घातल्यावाचून जेवतो, तो अन्न खात नाही, पाप खातो!"

येसाजीने आजूबाजूला बघितलं. देवळात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी जेवायला पानांची रांग. स्वतःपुरतं रांधणारा त्या देवळात एकच, आणि तो खांबाला टेकून बसला होता. सगळा गाव आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटलं. (कोणी बघत नव्हतं. निम्मा गाव डुलक्या काढत होता.) तो मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. शिमग्यापासून आपण किती पाप गिळलं, याचा त्याला अंदाज लागेना. पुढे शास्त्रीबुवा बरंच काही बोलले, पण ते ऐकायला येसाजी जागेवर होता कुठे!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोळावर जाऊन त्याने ओंजळीत पाणी घेतलं. "पावण्याला घातल्याबिगर शिजल्या अन्नाला शिवणार नाय," असं म्हणून पाणी सोडलं आणि भात चढवायला घरी आला. मनाला कसं हलकं हलकं वाटत होतं. सोनाबाईचा पाट त्याने फळीवरून खाली काढला, पुसला आणि पाहुण्यासाठी मांडला.

पहिला पाहुणा मिळायला अडचण पडली नाही. मालोजी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो बिचारा हौसेने येऊन पाटावर बसला. येसाजीने भात वाढला. खालचा करपलेला, वरचा कच्चा, आणि मधला कुणीकडे जावं या विचारात पडलेला. मालोजीने दोन घास खाल्ले, तिसरा बराच वेळ तोंडात घोळवला आणि विचारलं, "येसा, सोनावयनीनं तुला कंदी चुलीम्होरं बसूं दिला नाय, व्हय रं?"

"नाय."

"शानी व्हती."

त्यानंतर मालोजी आपल्या शेतावर लांबच्या वाटेने जाऊ लागला.

येसाजी मग गावात हिंडून आमंत्रणं करू लागला. पण श्रावणात उपास नसलेला माणूस शोधणं म्हणजे काय चेष्टा आहे! कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार. ज्याचा वार नव्हता त्याची एकादशी, आणि ज्याची एकादशीही नव्हती त्याचं मालोजीशी बोलणं झालेलं. शेवटी येसाजी कुडापाशी जाऊन उभा राहिला.

आंबाबाई त्याच्याहून थोडी थोरली. नवरा जाऊन फार वर्षं झाली, मुलगा मुंबईला गिरणीत. ती गोठ्यातलं शेण भरत होती.

"वयनी, आज जेवाय येता का माज्याकडं?"

आंबाबाईने पाटी खाली ठेवली. "भावजी, मी एकटी तुमच्याकडं जेवले, तर गाव माज्या नावावर आठवडाभर जेवल. तुमी जा."

येसाजी परत आला. मडक्यातला भात बैलांना घातला. काकडी शिजवलेली नसते, तेव्हा तिला पाप लागत नाही, असा शोध लावून त्याने दोन काकड्या खाल्ल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याला. असे काही दिवस गेले. अंगणात वाट बघत बसला की एक कावळा रोज येई आणि मडक्याकडे मान वाकडी करून बघे. येसाजी दगड उचलून त्याला हाकलून देई. "हो बाजूला! पावना यायचा हाय हितं!" गावातलं एक खरजुलं कुत्रंही शेपूट हलवत दारात येई, त्याच्यावर तो काठी उगारी. पाहुणा येणार त्या वाटेवर ही घाण नको.

आणि एक दिवस खरोखरच पाहुणा दिसला.

भर दुपारी, पाऊस जरा उघडला असताना, पायवाटेने एक परका माणूस चालला होता. पाठीवर बांगड्यांचं ओझं, हातात छत्री. कासार होता. येसाजी नुकताच बांधावरचं गवत कापून आलेला; हातात कोयता तसाच, चिखल गुडघ्यापर्यंत, डोळे उपासाने खोल गेलेले. माणूस बघताच त्याला इतका आनंद झाला, की कोयता ठेवायचंही सुचलं नाही. तो धावतच सुटला.

"अवं! थांबा! थांबा की!"

कासाराने मागे वळून बघितलं आणि पाय उचलला.

"थांबा म्हंतो ना! आज जेवल्याबिगर सोडनार नाय!"

आता कोण जेवल्याशिवाय, हे येसाजीने सांगायला हवं होतं. कासाराने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ओझं पोटाशी धरून तो असा पळाला की वाट सोडून भाताच्या खाचरात शिरला, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उड्या मारत पार झाला. येसाजी मागे, "अवं, वरन बी केलंय!" असं ओरडत. ओहोळाच्या काठावर त्याच्या पायातली ताकद संपली. कासार पलीकडे पोचला होता. पळताना त्याने टाकलेली छत्री तेवढी येसाजीच्या हातात उरली.

येसाजी तिथेच चिखलात बसला. छत्री उघडून डोक्यावर धरली, कारण पाऊस आला. रागही येईना. आपण एवढे वाईट दिसतो का, एवढंच त्याच्या मनात आलं. सोनाबाई असती तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मग तो स्वतःच थोडा हसून बघायला गेला, पण एकट्याचं हसू त्याला ओळखीचं वाटेना. तो उठून घरी गेला.

कासार जो पळाला तो थेट चौक गावाच्या बाजूला. लोधिवलीत बायकांच्या हातात श्रावणाच्या बांगड्या भरता भरता त्याने ती हकीकत सांगितली. कोंडाण्याच्या रानात एक माणूस आहे, बायको मेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय, कोयता घेऊन माणसं खायला धावतो! बांगड्या भरून घेणाऱ्यांत सुंदरा बसली होती. एक हात भरला होता, दुसरा तसाच ठेवून ती उठली.

सासूची परवानगी घेऊन ती कर्जतपर्यंत मिठाच्या गाडीतून आली आणि तिथून चालत. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ती अंगणात शिरली तेव्हा येसाजी मडक्यापुढे बसून पेंगत होता.

"बा!"

येसाजीने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं, उपासाने भास होतोय. मग त्याने तिचे चिखलाने भरलेले पाय बघितले. भासाचे पाय एवढे मळत नाहीत.

"सुंदरे! आलीस व्हय! बस, बस पाटावर. पान वाढतो."

"तुला काय झालंय, बा? किती वाळलास रं!"

"काय झालं नाय. आता तू आलीस. तू जेव, मंग मी जेवतो."

"बरुबर बसू की."

"नाय नाय. आदी पावण्याचं."

सुंदरा पाटावर बसणार ती तशीच उभी राहिली. "पावना कोन?"

"तूच की!"

तिचं तोंड एकदम उतरलं. "मी पावनी? ह्या घरात मी पावनी? आय असती तर कोनाची छाती झाली असती मला पावनी म्हनायची?" आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली.

येसाजी घाबरला. "नाय गं, नाय! तू घरचीच!"

"मंग बस जेवाय माज्याबरुबर."

"घरची असशील तर मला बसता येत नाय!"

मग त्याने सगळं सांगितलं. शास्त्र, ओंजळीतलं पाणी, मालोजी, कासार, काकड्या. सुंदराने डोळे पुसले, पण ती बापाचीच लेक. "तू उपाशी असताना मी एक शीत तोंडात घालायची नाय," ती म्हणाली. लेकीला पाहुणी म्हणावं तर लेक जाते, लेक म्हणावं तर जेवण जातं. दोघं मडक्याच्या दोन बाजूंना बसून राहिली आणि भात निवत राहिला. समोरच्या घाटात गाडीने शीळ घातली, तरी येसाजीने मान वर केली नाही. तोंड फिरवून का होईना, त्याच्या घरात माणूस बसलं होतं.

तेवढ्यात वाटेवर छत्री दिसली. शास्त्रीबुवा डोंगरावरच्या देवाला बेल वाहून देवळाकडे चालले होते. सुंदरा पदर खोचून आडवी गेली.

"शास्त्रीबुवा, तुमी माज्या बाला मारलंत!"

"मी? अहो, मी तर बेल वाहून येतोय!" शास्त्रीबुवा गडबडले. पण माणूस समजूतदार होता. अंगणात उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि येसाजीकडे बघत राहिले.

"येसाजी, त्याच दिवशी मी पुढचंही सांगितलं होतं. अतिथीची वाट अंगणात कितपत बघायची? एक गाय दोहायला लागेल तेवढा वेळ. कोणी आलं, तर देव आला. नाही आलं, तर गाईला, कावळ्याला, कुत्र्याला घास ठेवायचा आणि जेवायचं. तेही अतिथीच."

"कावळा?" येसाजीचा आवाज चिरकला. "कुत्रं बी?"

"कुत्रंही."

येसाजीने कुंपणाकडे बघितलं. रोज येणारे दोन पाहुणे त्याने दगड आणि काठी दाखवून परतवले होते.

"आनि लेक?" सुंदराने विचारलं. "लेक पावनी का घरची?"

शास्त्रीबुवा हसले. "सासरी गेलेली लेक घरी आली, की तिला पाहुण्याच्याही आधी वाढावं. आणि वाढताना विचार करत बसू नये. असंच सांगितलंय शास्त्रात."

हे ऐकताच सुंदराने पळी हातात घेतली आणि कोणी काही बोलायच्या आत दोन्ही पानांत भात घातला. बापलेक एका ओळीत जेवायला बसली. भात निवलेला होता, वरणात मीठ नव्हतं. येसाजी जेवत होता आणि मधेच हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसत होता.

सुंदरा चार दिवस राहिली. घर सारवलं, बापाला भात शिजवायला शिकवला आणि गेली. ती गेल्यावर घर आधीपेक्षा मोठं झाल्यासारखं वाटू लागलं. पण आता येसाजीला नियम नीट ठाऊक होता, एवढा आधार होता. अडचण एकच. गाय दोहायला किती वेळ लागतो? त्याच्याकडे नुसते बैल.

तो कुडापाशी गेला. "वयनी, तुमच्या गाईची धार काडता तंवर मी हितं हुभा रायलो तर चालंल का?"

"शास्त्रात हाय का?" आंबाबाईने विचारलं.

"हाय."

"मंग ऱ्हावा. पन तिकडं तोंड करून."

धार निघे दिवेलागणीला, म्हणून येसाजीने जेवणही दिवेलागणीला नेलं. रोज तो कुडाला पाठ लावून डोंगराकडे बघत उभा राही आणि पलीकडे आंबाबाई गाईखाली बसे. आधी तो गप्प असे. मग भाताच्या लोंब्या कशा धरल्यात, ते सांगू लागला. मग सुंदराच्या सासूबद्दल. मग सोनाबाईबद्दल, जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. पलीकडून "व्हय" येई, "आगं बया" येई, कधी मुंबईच्या मुलाची काही बातमी येई. कापणी झाली, झोडणी झाली, थंडी पडली. "झाली वं धार," असं आंबाबाई म्हणे, तेव्हा येसाजी कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास ठेवून जेवायला बसे.

माघात एक दिवस त्याला फारच भूक लागली. तो डोंगराकडे तोंड करूनच म्हणाला, "वयनी, आजकाल गाय लई येळ घेते, न्हाय?"

"घेनारच. आटली हाय ती."

"कंदी?"

"दसऱ्याच्या आदी."

जन्मभर गुरांत वाढलेला येसाजी सगळी लाजलज्जा विसरून वळला. आंबाबाई गाईशेजारी बसली होती खरी. हातात चरवी नव्हती. ती शेंगा सोलत होती.

"मंग तुमी रोज गोठ्यात बसता कशाला?"

"तुमी हुभे ऱ्हाता म्हनून."

येसाजीला धर्माची काळजी पडली. "पन मंग जेवाय बसायचं कंदी?"

"तुमचं बोलनं सरलं की," आंबाबाई शेंग मोडत म्हणाली. "पन भावजी, तसं म्हनलं तर गाय फिरून व्याईल, वासरू चरायला लागंल, आनि तुमी उपाशीच."