माव्याचा पोळा

एका जंगलात, बाळांनो, फार शहाणे प्राणी राहत. असं ते स्वतःच सांगत. तिथे सगळे मिरची पिकवत आणि मुंगळेअण्णा डेअरी चालवत.

डेअरीतली गुरं म्हणजे मावा. पानाखाली बसून रस पिणारा, टाचणीच्या डोक्याएवढा किडा. मुंगळे त्याला मिशांनी गोंजारत आणि तो गोड थेंब सोडे. हे थेंब सभेत फुकट वाटत. म्हणून वडीलधारी मंडळी सभा चुकवत नसत.

पोळ्याला अण्णा गुरं मिरवत. कळप शेताशेतात थांबे, झाडाझाडाचा घोट घेई आणि पुढे जाई. वर घरधनीण त्यालाच हळदकुंकू वाही.

यंदा पोळा झाला आणि मिरचीवर बोकड्या रोग आला. पानं आकसली, वळली. फुलं गळली.

"हवा बदललीय," कासवआबा म्हणाले. "त्यात पोरं उलट बोलतात. पीक येणार कसं?"

उलट बोलणाऱ्यांत सरडा पहिला. तो आजारी झाडावर चढला की पिवळा पडे, पान अजून हिरवंगार दिसत असलं तरी. तो शेतोशेत फिरला. पिवळा पडला तिथे खूण करत गेला. खुणा जोडल्या तर मिरवणुकीची वाट निघाली, थेट डेअरीच्या दारापर्यंत.

एकच शेत निरोगी होतं, सायाळआक्काचं. तिची सासू वारली होती. दुखवट्याच्या घरी मिरवणूक थांबत नाही.

सरडा सभेत उभा राहिला. "आबा, रोग माव्याच्या सोंडेतून पसरतो. आक्काकडे मिरवणूक गेली नाही, म्हणून ती वाचली. गुरं बांधून ठेवा. पुढच्या साली पेरायला आता तिचंच बी आहे."

"माझ्या गुरांना नावं ठेवतोस?" अण्णा म्हणाले. "मागच्या सभेत थेंब चाटत होतास ना?"

"चाटले. गोड होते. आता बांधा."

आबांनी डोळे मिटून विचार केला. आबांचा विचार आणि झोप बाहेरून सारखीच दिसते.

"मुद्दा मिरवणुकीचा नाही," ते शेवटी म्हणाले. "मुद्दा दुखवट्याचा आहे. ज्या घरातलं म्हातारं गेलं, त्या घरचं पीक वाचलं."

मग एकेक तरुण प्राणी आपापल्या आजोबांकडे बघू लागला. नीट निरखून बघू लागला.

आबांनी मान कवचात ओढली. आतून आवाज आला, "निष्कर्ष जरा घाईचा होतोय."

"मग मिरवणूकच ना?" सरड्याने विचारलं.

"मग मुद्दा आक्काचा. सगळं जंगल दुःखात आणि हिचं एकटीचं शेत हिरवं. बरं दिसत नाही. उद्याच तिचा दुखवटा काढू."

"नको हो आबा," आक्का म्हणाली. "राहू द्या माझा दुखवटा. सासू जिवंतपणी कधी कामाला आली नाही, आत्ता कुठे येतेय."

"असं बोलू नये," सगळे वडीलधारे एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. नवी साडी आणली, गोडाचं जेवण आणलं. मागून झूल घातलेला कळप आला. तो घाईत नव्हता. एकही झाड त्याने सोडलं नाही.

आक्काच्या शेतात मिरची धरलीच नाही. पुढच्या साली पेरायला जंगलात बी नव्हतं. अण्णांनी कळप वांग्यांवर नेला. आबांनी सभेत सरड्याचे आभार मानले आणि थेंब वाटायला सांगितले.

तात्पर्य: रोगाचा माग वेळेवर काढावा, बाळांनो. तो अजून कुठे पोचायचा राहिलाय, हे वडीलधाऱ्यांना दुसरं कोण सांगणार?