चौथ्या इंजेक्टरच्या अपराधाची बखर

श्री विघ्नहर्ता यंत्रांचे पोटी वसो, डिझेल निर्मळ राहो, आणि ऐकणाराचे कान उघडे असोत. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमी, ते दिवशी एका संस्थानी (नाव लिहीत नाही, लिहिल्यास पाच संस्थाने भांडत येतील की हे आमचेच) श्रीमंत महाराजांची डिझेल मोटार राजवाड्याचे चौकात उभी राहिली आणि चालू होईना. त्याची हकीकत येणेप्रमाणे.

या संस्थानची रीत पूर्वापार ऐसी की मान वरून मोजावा आणि दोष खालून मोजावा. पंगतीस पहिल्या पाटावर कारभारी विसाजीपंत बसत आणि चौथ्या, दाराकडील वाऱ्याच्या पाटावर, महाराजांचे सारथी सुभानजी खरात बसत. तूप पहिल्या पाटापासून निघावे ते चौथ्यापावेतो वाटी खरवडल्याचा आवाज तेवढा पोचावा, आणि वरणात खडा निघाला तर वाढप्याने आधी चौथ्याकडे डोळे वटारावे. दुसरी रीत ऐसी की कोठे गुन्हा घडला तर थोराने स्वतः त्या जागी जाऊन चौकशी करावी, आणि तोवर धाकट्याने थोराची गादी राखावी. विसाजीपंत धान्याच्या कोठीतील उंदरांची चौकशी करावयास ऐसेच गेले होते आणि कोठीवाला त्यांचे लोडास टेकून घोरला होता, हे सर्वांस ठाऊक.

आता मोटारीचे इंजिनात चार इंजेक्टर, म्हणजे डिझेलाची धुक्यासारखी फवार उडवणारे चार नग, ओळीने बसलेले. पैकी पहिला मानाचा. त्यास कारभाऱ्यांचे घराण्याने खंडेनवमीस हळदकुंकू वाहावे, झेंडूची माळ घालावी, आणि कोणी पाना लावू नये. दुसरा आणि तिसरा सालोसाल काढून साफ होत. चौथ्याचे नशीब निराळे. मोटार खोकली की चौथा काढावा, वेशीबाहेर टाकावा आणि कोठीतून नवा बसवावा. कोठीत चौथ्यासाठी नवे नग सदा तयार असत. ऐसे कित्येक चौथे आले आणि गेले, आणि मोटार खोकतच राहिली, आणि दरबार म्हणे की या चौथ्यांचे बीजच खोटे.

मग मागील पंधरवड्यात घाटातील अवघड वळणावर मोटारीने दम टाकिला, आणि महाराज उसाच्या गाडीत बसून परत आले. तेव्हां आज्ञा जाहली की पुन्हा मोटार अडली तर सारथ्याने बायको आणि बोचके घेऊन त्याच घाटाने पायी सरहद्दीपार व्हावे. आणि आज तर स्वारी खिंडीत जावयाची होती. पलीकडील संस्थानचे वकील नदीच्या पाण्याचा तह करावयास येऊन बसले होते, आणि सूर्य मावळेतोच थांबू ऐसा त्यांचा निरोप होता. सुभानजीने किल्ली फिरविली, तो इंजिन घरघरले, ठकठकले, मागून पांढरा धूर सोडिला आणि गप्प जाहले. घरी त्याची बायको म्हाळसाबाई पहाटेपासून बोचके बांधीत होत्या आणि निघताना त्यांनी विचारिले होते, "अहो, तवा घेऊ का ठेवू?" तो म्हणाला होता, "ठेव." "ठेव म्हणजे परत येणार आपण?" यावर तो जोडे घालून बाहेर पडिला होता.

मग घाटाखालील बाजारातून चंद्राक्का मिस्त्रीण आणविली. बाई अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट, आणि स्तुतीची मोठी भुकेली. आपण पाहिली नाही ऐसी मोटार जन्मास यावयाची आहे, हे तिने चौकात पाऊल टाकण्यापूर्वीच सांगितले. बॉनेट उघडून तिने वास घेतला, कान लाविला, आणि म्हणाली, "फवारा बिघडलाय. कुणाचा ते बघू." मग प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीस एकेक काचेची बाटली लाविली आणि जमलेल्या मंडळीस ऐकू जाईल ऐसे बोलिली, "हे बगा, ह्यो डिझेल घेतो, लागंल तेवढं फवारतो, उरलेलं ह्या नळीनं माघारी धाडतो. धडधाकट आसंल त्येचं माघारी थोडं येतं. झिजला आसंल तर सगळं माघारीच सांडतो, मग दाब टिकत न्हाई नि गाडी चढाला मरती. जी बाटली लवकर भरंल त्यो चोर."

सुभानजीने किल्ली फिरवीत धरली आणि काचेतून पाहू लागला. दुसऱ्या बाटलीचा तळ ओला जाहला. तिसरीचाही. चौथीचाही तेवढाच. आणि पहिली, मानाची, झेंडूची माळ जिच्या डोक्यावर, ती भरत भरत गळ्याशी आली.

फडणीस कबुतरे पाहू लागले, पुरोहितांनी जानवे तपासिले, आणि खजिनदारांस अचानक जोड्यात खडा सापडला. विसाजीपंत पुढे आले, वाकले, चारी बाटल्या पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "सुभानजी, तुझी दृष्टी तीक्ष्ण. सांग, कोणती भरली?"

सुभानजीने मनाशी हिशेब केला. पहिली म्हणावे तर कारभाऱ्यांच्या घराण्याची अब्रू चौकात सांडते आणि हद्दपारी आताच. चौथी म्हणावे तर मोटार घाटात मरते आणि हद्दपारी सूर्यास्ती. तो म्हणाला, "सरकार, काचेवर ऊन चमकतंय. नीट दिसत नाही."

"आम्हास दिसते. चौथी भरली."

"चौथीच!" मंडळी एका सुरात म्हणाली. फडणिसांनी तर भर घातली, "काठोकाठ!"

चंद्राक्काने तोंड उघडिले, आणि त्याच क्षणी सुभानजीने तिच्या पायावर पाय दिला. "आरं, पाय का तुडवतोस रं मुडद्या?" ती ओरडली. "आक्का, इकडे वाका, पाना पडलाय," ऐसे म्हणून त्याने तिला बॉनेटखाली घेतले. तेथे ती फणकारली, "माझ्या देखत चौथी? आंधळी समजत्यात काय मला? आत्ता सांगते तोंडावर!"

"सांगा. मग तुम्ही बाजारात जाल, आणि मी घाटात. आक्का, खोटं बोलू नका. पण खरंही बोलू नका."

"मग काय, मुकी बसू?"

सुभानजीने पहिल्या इंजेक्टरकडे पाहिले आणि मग चौथ्याकडे, आणि त्यास कोठीतले उंदीर आठवले. "पहिला चौथ्याच्या जागी बसवला आणि चौथा पहिल्याच्या, तर चालेल?"

चंद्राक्काच्या गालातली सुपारी दुसऱ्या गालात गेली. "चालंल की! खोड नगात आसली तर नगासंगं जाईल. लई चालू हायस रं तू, गरीब दिसतोस फकस्त."

मग सुभानजी कारभाऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिला. "सरकार, गुन्हा चौथ्या जागी घडला. रीतीप्रमाणे थोराने त्या जागी जाऊन चौकशी करावी. मानाचा इंजेक्टर चौथ्या जागी स्वारी करील, आणि तोवर धाकटा त्याची गादी राखील. आज्ञा व्हावी." विसाजीपंत विचारात पडले. रीत त्यांचीच, उंदीरही त्यांचेच. नाही म्हणावे कसे? "व्हावे," ते म्हणाले, "पण माळ जपून."

पुरोहिताने माळ उतरविली आणि चंद्राक्का पाना घेऊन वाकली. तो पहिला निघेना! कधी कोणी हात लाविला नव्हता; काजळीने जागेशी असा एकजीव जाहला होता की जोर केला तर मोडून इंजिनातच अडकावा. चंद्राक्काने तेल सोडिले आणि म्हणाली, "थांबा आता." ऊन भिंतीवरून सरकू लागले. सुभानजीची नजर एकदा भिंतीकडे आणि एकदा पान्याकडे. मग ओढून काढावयाचे हत्यार लागले, एक कर्र ऐसा आवाज जाहला, आणि पहिला काळ्या खपलीसकट वर आला. "बया गं!" चंद्राक्का म्हणाली. "ह्येला नुसत्या माळाच घातल्या व्हय? आंगुळ कवा?" विसाजीपंतांनी घसा खाकरला.

मग दोहोंच्या बुडास तांब्याच्या नव्या चकत्या, म्हणजे वायसर, घालून जागा बदलिल्या, आणि कोणत्या जागी कोण बसला ते स्कॅनरने मोटारीच्या संगणकास कळविले, कारण तोही दरबारी स्वभावाचा. ओळख करून दिल्यावाचून कोणाचे ऐकत नाही. किल्ली फिरविली. बऱ्याच वेळाने, थरथरत, ठकठकत इंजिन लागले. चंद्राक्काने पहिल्या जागची वायर काढिली तो इंजिन एकदम खचले. म्हणजे तेथला नग इमानाने राबत होता. वायर जोडिली. मग चौथ्या जागची काढिली. काहीच फरक पडेना. तेथला नग असून नसल्यासारखा होता.

विसाजीपंत मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहा! आम्ही म्हणत नव्हतो? चौथाच! चौथ्या जागी जो बसला असेल त्यास काढा आणि वेशीबाहेर टाका!"

"जो बसला असेल त्यास, सरकार?"

"जो बसला असेल त्यास! बहिरा आहेस काय?"

"नाही सरकार," सुभानजी म्हणाला, आणि चंद्राक्काने तोंड फिरवून पदर दातांत धरिला. चौथ्या जागचा नग वेशीबाहेर गेला, कोठीतून नवा आला, बसला, आणि संगणकास त्याचीही ओळख घडली. पहिल्या जागी बसलेल्या धाकट्यास पुरोहिताने माळ घातली, कुंकू लाविले, आणि कारभाऱ्यांनी त्यास भक्तिभावे नमस्कार केला. किल्ली फिरविताच इंजिन ऐसे लागले की फडणिसांची कबुतरे उडाली.

मग महाराज आणि कारभारी मागे बसले आणि मोटार घाटास लागली. सूर्य खिंडीच्या दांडीवर टेकला होता. अवघड वळण आले. सुभानजीने गियर खाली घेतला, दात आवळिले आणि पाय दाबिला. मोटार क्षणभर जड जाहली, आणि मग ती हुंकार देऊन वर चढली. मागे धूर नव्हता. खिंडीत वकिलांचे लोक सतरंजी गुंडाळू लागले होते. ती त्यांनी पुन्हा अंथरली, आणि तह जाहला.

परतीस महाराज म्हणाले, "सुभानजी, आज केलेस तरी काय?"

"काही नाही महाराज, जागा बदलून पाहिली. खोड जागेची असली तर जागीच राहते, आणि नगाची असली तर नगाबरोबर चालत जाते."

महाराजांनी शेजारच्या विसाजीपंतांकडे वळून पाहिले. विसाजीपंतांनी एवढ्या गार वाऱ्यात दोनदा कपाळ पुसले. घरी सुभानजी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तवा काढ. भूक लागलीय."

आणि दुसरे दिवशी पंगत बसावयाच्या वेळी महाराजांची आज्ञा जाहली की, "विसाजीपंत, आज तुम्ही चौथ्या पाटावर बसा. सुभानजी, तू पहिल्या. काही दिवस ऐसेच चालू दे. ठकठक कोठून येते ते ऐकू." विसाजीपंत म्हणाले, "महाराज, तेथे वारा लागतो." महाराज म्हणाले, "म्हणूनच."

तात्पर्य, मोटार आजही घाट चढते. पहिल्या पाटावर तूप फार वाढतात, ते सुभानजीस पचत नाही. आणि वरणात खडा निघाला तर वाढपी कोणीकडे पाहावे ते न कळून छताकडे पाहतो. इति चौथ्याची हकीकत. पाहणाराने जैसी पाहिली तैसी लिहिली.