हार साच्यालाच चिकटला!

छातीवर हात ठेवून सांगतो, डेटाबेसमधली माहिती वेबपानावर झळकवणं हा माझ्या हातचा मळ! निदान त्या शनिवारपर्यंत तरी होता.

बंगळुरूच्या बसवनगुडीतले आमचे घरमालक भीमाचार्य, म्हणजे आमचे अण्णा, एकदा म्हणाले, "अजित, आमच्या घराण्याचं एक पान बनव रे इंटरनेटवर. सगळ्यांचे फोटो घाल. स्वल्प काम आहे की!"

"झालं म्हणून समजा, अण्णा!"

"आणि गुरूचा फोटो माझ्या शेजारी दिसला पाहिजे. ते बघून तरी बोलेल." एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गुरू म्हणजे अण्णांचे जयनगरला राहणारे धाकटे भाऊ, गुरुदत्त. अण्णांचं पंचांग वाडवडिलांचं. गुरूंनी मोबाइलमधलं धरलं. दोघांच्या एकादश्या वेगवेगळ्या दिवशी पडू लागल्या. यांचा कडकडीत उपास, त्या दिवशी त्यांच्याकडे सार-भात! खरी एकादशी कुठली, यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. मला फार वाईट वाटायचं. म्हातारपणी भांडायलासुद्धा भाऊ लागतो हो!

म्हणून मी अगदी जीव ओतला. टेम्प्लेट म्हणजे मोदकाचा साचा. माहिती भरायची, की एकेक माणूस घडून बाहेर! साचा तपासायला आधी फक्त अण्णांच्या वडिलांची माहिती भरली. फोटोला झेंडूचा हार, नावाआधी 'कैलासवासी', खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. काय देखणं दिसलं! मग बाकीची मंडळी वयाप्रमाणे भरली, अण्णांच्या मोबाइलवरून पान घरच्या ग्रुपवर पाठवलं आणि त्यांच्याच व्हरांड्यात ऐटीत कॉफी पीत बसलो. उघडून बघायची गरजच काय? काम माझं होतं!

थोड्या वेळाने फाटकाशी ऑटो थांबली. "अण्णाऽऽ!" अशी हाक आली आणि पाठोपाठ गुरुदत्त आले. धोतर चिंब भिजलेलं, केसांतून पाणी गळतंय. मरणाची बातमी कळली, की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, हा त्यांच्या घरातला नियम.

व्हरांड्यात अण्णा पेपर वाचत होते. गुरूंनी खांब धरला.

"अण्णा... तुम्ही गेला नाही?"

"कुठे?"

गुरूंनी मोबाइल पुढे केला. वडिलांच्या खाली अण्णा! हार, कैलासवासी, श्रद्धांजली, सगळं जिथल्या तिथे. वडिलांचा हार मी साच्यालाच चिकटवला होता. आता त्यातून जो बाहेर पडेल, तो हार घालूनच!

"अजित!" अण्णा गरजले. "मारलंस ते मारलंस, वर कैलासाला पाठवलंस? आम्ही वैष्णव! वैकुंठवासी लिहायचं!"

"बदलतो, अण्णा, लगेच बदलतो!" मी बोलून गेलो.

अण्णांनी बोटाने पान खाली सरकवलं. मोबाइलवर फोटो शेजारी न येता एकाखाली एक येतात, हे मला तेव्हा आठवलं.

"गुरू, पुढचं बघितलं नाहीस?"

"डोळ्यांत पाणी आलं. काही दिसलंच नाही."

"तूही गेलायस रे."

कुणी हसलं नाही. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भावाचं ओलं डोकं पुसायला लागले. पुसतच राहिले. मला तिकडे बघवेना.

आतून अण्णांच्या पत्नी पद्मावतीबाई बाहेर आल्या. "ओल्याने उभे काय राहिलात? धोतर बदला नि जेवायला बसा."

"वहिनी, आज माझी एकादशी..."

झालं! अण्णांची दुसऱ्या दिवशी होती. अण्णांनी वाद घालायला तोंड उघडलं, पण मग हातातलं ओलं उपरणंच पिळलं. गुरूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग हार घातलेल्या स्वतःकडे बघितलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मेलेल्याला कसली एकादशी! वाढा, वहिनी."

पानं मांडली गेली, दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. पद्मावतीबाईंनी मोबाइल घेतला, चष्मा लावला, पान आणखी खाली सरकवलं आणि स्वतःच्या फोटोवरचा हार नीट निरखला. मग तिसरं पान मांडून त्या शांतपणे पंगतीत बसल्या.

"मीही गेलेय की! घरात जिवंत काय तो अजित. त्यालाच वाढू दे."

मी मुकाट्याने साराचं पातेलं उचललं.