शिकरणातला प्रतिकण

"आज तुझं ते फिजिक्स बंद," असं कमलबाईंनी लेकीला, पंकजाला, सकाळपासून बजावून ठेवलं होतं. पंकजा सेलूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि कुणी काही विचारलं की खरं सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. या एका खोडीपायी दोन स्थळं हातची गेली होती. आता चारठाण्याचं तिसरं स्थळ वालूरला तिच्या वडिलांच्या, बन्सीधरांच्या, बैठकीत येऊन बसलं होतं, आणि ते तरी टिकावं म्हणून कमलबाईंनी पातेलंभर शिकरण केलं होतं.

मुलाचे वडील व्यंकटराव अंगानं भरभक्कम. यजमानांचा आग्रह मोडू नये एवढ्याच हेतूनं त्यांनी तिसरी वाटी घेतली आणि कौतुकानं विचारलं, "काय शिकवता कॉलेजात?"

पंकजानं आईकडे बघितलं. आईनं डोळे वटारले.

"सांगा की. लाजायलाव कशाला?"

"सध्या प्रतिकण चालू हाय, काका. कणाला एक उलटा जोडीदार असतो. दोघं भेटले की दोघंबी नाहीसे होतेत. नुसती ऊर्जा उरती."

"अन् हे घडतं कुठं? अमेरिकेत?"

"तुमच्या वाटीत. केळ्यात तासा-दीड तासाला एखादा प्रतिकण निघतो."

व्यंकटरावांचा चमचा तोंडापाशीच थांबला. त्यांच्या पत्नी कुसुमबाईंनी आपली वाटी हळूच खाली ठेवली. ते बघून बाकीच्या पाहुण्यांनीही ठेवल्या. तेवढ्यात व्यंकटरावांना ढेकर आला आणि ते छाती धरून म्हणाले, "मला जळजळ व्हायलीय."

कमलबाई ताक आणायला धावल्या. बन्सीधर सावरायला गेले. "घाबरू नका पाव्हणं, आमची केळी सेंद्रिय हायत. त्यात असलं काई नसतंय."

"असतंय, दादा," पंकजा म्हणाली.

"हे ताक घ्या," कमलबाईंनी पेला पुढं केला.

"ताकातबी असतंय थोडं."

"तू गप बस गं माय."

"पण आई, आपल्या अंगातबी असतंय. केळ्यापरीस लय जास्त. काकांच्या अंगात मिनिटाला दोन-तीनदा तरी होत असंल."

व्यंकटरावांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "आतासुद्धा?"

"आतासुद्धा. जेवढं माणूस मोठं, तेवढं जास्त."

ज्या देहावरून डॉक्टर आणि बायको दोघांची बोलणी खाल्ली, त्याची अशी थोरवी व्यंकटरावांनी प्रथमच ऐकली. जळजळ थांबली. ते ताठ बसले, वाटी पुन्हा जवळ ओढली आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस का? ऊर्जा तयार व्हायलीय माझ्यात."

 कुसुमबाई पंकजाकडे वळल्या. "मला एक सांग पोरी. एवढी ऊर्जा हाय तर हे दिवसभर पलंगावर काऊन पडून राहतेत?"

"लय बारीक असती, मावशी. तेवढ्यानं डाससुद्धा उडायचा न्हाई."

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावेना. "लग्न झाल्यापासून मी हेच सांगायलेय. आज कुणीतरी शिकलेलं माणूस बोललं. पोरगी आमाला पसंत हाय."

बन्सीधर घाईघाईनं पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडू लागले.

"थांबा, दादा," पंकजा म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई."

पुडा तसाच राहिला. तिसरंही स्थळ गेलं, असं समजून कमलबाईंनी भिंतीला पाठ टेकली.

पंकजानं मुलाकडे बघितलं. प्रीतमचं जिंतूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. सगळ्यांच्या वाट्या अर्ध्या होत्या, त्याची मात्र चाटूनपुसून रिकामी झाली होती.

"तुमी कसं काय खाल्लं? भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की," प्रीतम म्हणाला. "पण दादा सेंद्रिय म्हणले, तवा नुसतं हो म्हणून तुमाला सुटता आलं असतं. तुमी न्हाई म्हणलात. मग म्हणलं, भ्यायसारखं असतं तर तेबी ह्यांनी सांगितलंच असतं."

पंकजाला एकदम लख्ख आनंद झाला. आजवर तिच्या खरं बोलण्याचा कुणाला राग आला होता, कुणाला हसू. भरवसा कुणी ठेवला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "ह्यांना अजून वाढ."

बैठकीतल्या बायकांना तेवढ्यावरून उत्तर कळलं. पुरुषांना मात्र ते समजावून सांगावं लागलं.