बिऱ्हाडे आबा आणि जपानी तलवारी

आमचे बिऱ्हाडे आबा कुठलीही वस्तू हातात आली की आधी कानाशी नेऊन हलवतात. कुकरचं झाकण, मोबाईल, औषधाची बाटली, काहीही. आतून आवाज आला की निकाल ठरलेला: "खडखडतं. डुप्लिकेट शे." परवा माझ्या मुलीने पेढ्यांचा पुडा दिला, तोही त्यांनी हलवला. पेढे मात्र पास झाले, आणि आबांनी त्यातले तीन उभ्याउभ्याच खाल्ले.

आबा दीपनगरच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं फिटर होते, मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. निवृत्तीनंतर जळगावात आम्ही शेजारी शेजारी घरं बांधली. निवृत्त माणूस गुडघे सांभाळतो, नातवंडं सांभाळतो. आबांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी तलवारी जमवायला घेतल्या. तेही जळगावात, जिथे केळी, सोनं आणि भरताची वांगी एवढी पारख आली तरी माणसाचा जन्म सुखात जातो.

पहिली तलवार त्यांनी धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडून आणली. "जपानना राजाना घरनी शे, आबा!" असं तो छातीठोक म्हणाला होता. आबांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तिचं पोस्टमॉर्टेम केलं. खऱ्या तलवारीच्या मुठीला दोरीखाली माशाचं खरखरीत कातडं असतं. इथे दोरी सोडली तर आत प्लास्टिक, आणि त्याला साच्याची शिवण. मुठीवरच्या पितळी फुलांवर ओतकामाचे फुगे. पात्यावरची ढगाळ रेघ, जी पाणी देताना आपोआप उमटायला हवी, ती ॲसिडने काढलेली. आणि म्यानात घालून हलवली तर पैंजण बांधल्यासारखी वाजली.

"फसलो, पाटील," आबा मला खुशीत म्हणाले. "पण पहिला जॉब बिघडवल्याशिवाय कोणी फिटर झालाय का?"

अशा पाच तलवारी बिघडवून आबा तयार झाले. पाचही मागच्या पडवीत ओळीने टांगल्या आहेत, प्रत्येकीला लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर 'रिजेक्ट' आणि खाली कारण. सुरुवातीला आबा कायद्याने चालावं म्हणून यादी आणि तलवारी घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर तिथल्या हवालदाराने एकीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आबा, हिच्यानं भाकर तरी तुटंल का?" वहिनींनी मात्र त्यांचा उपयोग शोधलाय. तीन नंबरच्या रिजेक्टने त्या शेवग्याच्या शेंगा पाडतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर या माणसाने कहर केला. वरात निघालेली, नवरदेव घोड्यावर, हातात बँडवाल्याने भाड्याने दिलेली तलवार. आबा घोडा थांबवून पुढे झाले, तलवार घेतली, कानाशी हलवली आणि बँडच्या वर आवाज काढून म्हणाले, "बठ्ठं डुप्लिकेट शे!" सगळंच डुप्लिकेट म्हटल्यावर मुलीचे मामा पांढरेफटक पडले. ते नवरदेवाची डिग्री विचारायला थेट माझ्याकडे आले. त्यांची समजूत घालता घालता माझा घसा बसला, आणि आबा तिकडे घोड्याच्या रिकिबीतला सैल नट तपासत होते.

मी एकदा वैतागून विचारलं, "आबा, हे खूळ कशासाठी?" तेव्हा त्यांनी कपाटातून एक लांब गाठोडं काढलं.

आबांचे वडील फौजेत होते. ब्रह्मदेशच्या लढाईतून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक तलवार होती. शरण आलेल्या जपानी साहेबाने ती आपल्यापुढे ठेवली, असं ते सांगत. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावाला हे पटणं शक्यच नव्हतं. गावकुसाबाहेरच्या माणसापुढे साहेब तलवार ठेवतो? लोक तोंडावर हसायचे. वडील तरी दर वेळी तेवढंच सांगायचे. मग आबा सतरा वर्षांचे झाले, आयटीआयला लागले, पहिल्या दिवाळीला घरी आले. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना त्यांनी तलवार उचलून हलवली आणि म्हणाले, "बा, हाई डुप्लिकेट शे."

"बा काही बोलला नाही," आबा म्हणाले. "गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. पुन्हा कधी काढली नाही, आणि ती गोष्टही कधी सांगितली नाही. पाटील, त्या पाच घेतल्या त्या पारख शिकायला. मला फक्त बघायचंय, ही खरी की खोटी. खरी निघाली तर बाच्या फोटोपुढे उभं राहून एकदा चुकलो म्हणेन."

त्यानंतर मी त्यांच्यावर हसलो नाही असं नाही, पण जरा कमी हसलो.

गेल्या हिवाळ्यात नाशिकचे एक निवृत्त कर्नल आले. या तलवारींतले मोठे जाणकार. आबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सकाळपासून त्यांच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. कर्नलांनी तलवार हलवली. आवाज नाही. मुठीच्या दोरीखाली भिंग धरलं. माशाचं कातडं. मग कर्नलांनी मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ठोकून काढली आणि मूठ बाहेर ओढली. मुठीच्या आत लपणारं पात्याचं शेपूट आरशासारखं लखलखत होतं.

"हे कोणी घासलं?" कर्नलांनी विचारलं.

"मी." आबांनी मान खाली घातली. "गावाहून आणली तेव्हा. मला काहीच कळत नव्हतं साहेब. नोकरीत पस्तीस वर्षं गंज दिसला की घासलाय."

"इथं काही अक्षरं होती?"

"खड्डे होते. ग्राइंडर मारून लेव्हल केले."

कर्नलांनी भिंग खाली ठेवलं आणि समजावलं. तलवार करणारा आपलं नाव तिथेच कोरतो, आणि तिथल्या गंजावरून वय कळतं. जाणकार तो गंज फडक्यानेसुद्धा पुसत नाहीत. "बाकी सगळं चांगलं दिसतंय," ते शेवटी म्हणाले, "पण नकली करणारेही हुशार असतात. आता हिच्याबद्दल शपथेवर कोणीच सांगू शकणार नाही." चांगला माणूस होता. जाताना त्याने आबांचा हात दोन्ही हातांत धरला.

आबा मटकन खुर्चीत बसले. तेवढ्यात गावाहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा फोन आला. अक्कांची ऐंशी उलटली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून आबा स्पीकर लावून ओरडून बोलतात.

"काय सांगं रे त्या सायबानी?"

"त्याले काही सांगता नही ऊनं, अक्का. नाव व्हतं, ते मीच घासी टाकं."

"मंग जाऊ दे. बा सांगे ते आपले माहीत शे ना?"

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आबांनी एकदाचं विचारलं. "अक्का, त्या दिवायीले मी चार मान्सेसमा बोलनू. बाले लई राग ऊना व्हता का?"

"राग?" अक्का हसल्या. "अरे, दुसरा दिन गावभर सांगत फिरना तो. मना पोऱ्या शिकना, आते लोखंड वळखस, बापनंबी ऐकत नही म्हने! मारुतीना पारवर जाईसन सांगं त्यानी."

आबांनी फोन तोंडाजवळ ओढला. "मंग तू माले कधी सांगं का नही?"

"तू कधी इचारं?"

आबा रडले. तोंडावर हात न घेता, माझ्यासमोर, मोठ्याने रडले. आणि पलीकडून अक्का पुन्हा पुन्हा ओरडत होत्या, "हॅलो? मोठा बोल रे भाऊ, काही आयकू यी नही ऱ्हायनं!"