धूळ हवी होती, एनिड मावशी!

एकोणीसशे अठ्ठावन्न साल कोणाला हवं असेल, तर आख्ख्या यॉर्कशरमध्ये ते फक्त माझ्याकडे मिळतं! माझ्या गोदामात भोंग्याचे ग्रामोफोन आहेत, पेटीतले रेकॉर्डप्लेअर आहेत, आणि रेडिओ नि रेकॉर्डप्लेअर एकाच पेटीत असलेले कपाटाएवढे रेडिओग्राम तर सासरी निघालेल्या बहिणींसारखे नटून ओळीनं उभे आहेत. कुठल्याही नाटकात नायिका रेकॉर्ड लावून रडायला लागली, की खुशाल समजावं, यंत्र क्लेमचं, म्हणजे माझं!

त्यामुळे टीव्हीवाले मालिकेसाठी जुन्या काळची बैठकीची खोली शोधत आले, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "खोली देतो, रेडिओग्राम देतो. सगळं जागच्या जागी! फक्त शेवटी पडद्यावर माझं नाव आलं पाहिजे."

"येईल की," दिग्दर्शिका इमोजेन म्हणाली. पोरगी तरुण, केस निळे, आवाज फौजदाराचा. "पण मला धूळ हवी. नवरा गेलाय, त्याच्या रेडिओग्रामला कोणी हात लावलेला नाही. बायको धुळीतून बोट ओढते आणि कोसळते. त्या बोटावर माझा सगळा प्रसंग उभा आहे!"

"धूळ ना? लागेल तेवढी!"

खोली होती माझ्या एनिड मावशीची. नॉर्मन काका लग्नानंतर हौसेनं तिथे रेडिओग्राम घेऊन आले, आणि तेव्हापासून त्या खोलीत काही हललेलं नाही. खोली उघडते ती नाताळला आणि पाद्री आले तर. मावशीचीही एकच अट होती.

"टीव्हीवर माझं घर घाणेरडं दिसता कामा नये, क्लेम. गल्ली बघणार आहे."

"घाणेरडं? तुझं घर? काहीतरीच काय, मावशी!"

असा मी दोघींनाही हो म्हणून बसलो.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मावशीला चॅपलमधली फुलं सजवायला पिटाळलं आणि रेडिओग्रामच्या झाकणावर मुलतानी माती चाळली. बायका तोंडाला लावतात, तीच! वर चहाच्या पाण्याचे शिंतोडे. पाहता पाहता ते आरशासारखं लाकूड अनाथ दिसायला लागलं. इमोजेन खूश. लांबून एक दृश्य टिपून झालं, आणि सगळे बाहेर गाडीपाशी जेवायला गेले.

परत आलो. नायिकेचं काम करणाऱ्या फिलिपाबाईंनी डोळ्यांत पाणी आणलं, थरथरतं बोट झाकणावर टेकवलं, आणि ते बोट बर्फावरच्या बदकासारखं सुर्रकन घसरलं! बोटामागून हात, हातामागून कोपर, कोपरामागून बाई. फुलदाणी उडाली, बटणं खटाखट दाबली गेली, आणि बाई रेडिओग्रामला मिठी मारून थांबल्या.

"धूळ कुठेय?" इमोजेन किंचाळली.

खोलीत मेणाच्या पॉलिशचा वास घमघमत होता. दारात मावशी उभी, हातात पिवळं फडकं.

"मी जरा कात्री न्यायला आले होते. काय दशा केली होती मेल्यांनी! पण काळजी करू नकोस, क्लेम, मी कोणाला सांगितलं नाही."

मी मावशीला चहाच्या नावाखाली स्वयंपाकघरात धाडलं आणि पुन्हा माती चाळली. फिलिपाबाईंच्या डोळ्यांत पुन्हा पाणी, पुन्हा बोट, खोलीत शांतता, आणि त्या शांततेत रेडिओग्रामच्या पोटातून कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "गोऽऽऽल!"

बाईंच्या कोपरानं मघाशी रेडिओ सुरू केला होता. आतले व्हॉल्व्हचे जुने दिवे, तापून आवाज यायला वेळ घेतात! अठ्ठावन्न सालच्या विधवेच्या दुःखात आजचा सामना घुसला होता.

"तू तर म्हणालास हा बंद पडलाय!" इमोजेन माझ्यावर खेकसली.

"मला वाटलं..."

तो बंद करेपर्यंत मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिच्यामागून समोरच्या घरातली डोरीन. तिच्याही हातात फडकं!

"एनिड, अगं पुन्हा धूळ बसली बघ! ही टीव्हीची माणसं पायाबरोबर काय काय आणतात! तू ट्रे धर, मी पुसते."

"नाऽऽही!" मी आणि इमोजेन एकदम ओरडलो. पण पुसून झालं होतं.

इमोजेन माझ्या अगदी जवळ आली. "क्लेम, एक तर झाकणावर धूळ राहील, नाहीतर पडद्यावर तुझं नाव राहणार नाही."

आता इलाज नव्हता. "मावशी," मी म्हणालो, "ती माती मीच टाकली. गोष्टीतल्या बाईचा नवरा गेलाय. तो गेल्यापासून हा वाजलेला नाही, म्हणून धूळ हवी."

मावशीनं ट्रे खाली ठेवला आणि डोरीनच्या हातातलं फडकं घेतलं.

"नवरा गेला म्हणून धूळ? नॉर्मन गेल्यापासून हा तरी कुठे वाजलाय? शेवटची तबकडी अजून आत तशीच आहे. पण एक शनिवार पुसल्याशिवाय गेला नाही माझा. धूळ बसू द्यायला ती काय नवऱ्याला विसरली होती?"

आणि ती पुसायला लागली. हलक्या हातानं, तापलेलं कपाळ पुसावं तशी. हात गोल गोल फिरत होता. खाली तबकडी मुकी, आणि वर तिचा हात तबकडीसारखा फिरतोय. ओठांत कसलीशी जुनी चाल. मला भरून आलं, म्हणून मी झाकणाच्या कोपऱ्याचा आधार घेतला.

"कॅमेरा," इमोजेन कुजबुजली, "चालू कर. फक्त हात घे."

फिलिपाबाई कोपऱ्यात खऱ्याखुऱ्या रडत होत्या.

मालिका दाखवली त्या रविवारी मावशीनं नाताळ नसताना खोली उघडली आणि टीव्ही तिथे आणून ठेवला. गल्ली दाटीवाटीनं बसली. पडद्यावर धूळ नव्हतीच; मावशीचे हात होते, फिरत होते. डोरीन हुंदके देत होती. शेवटी नावं आली. "रेडिओग्राम आणि हात: मिसेस एनिड सटक्लिफ." टाळ्या! मी वाट पाहत राहिलो. माझं नाव आलंच नाही.

पण मावशीचं नावाकडे लक्षच नव्हतं. नावांच्या मागे तेच झाकण पुन्हा झळकत होतं, आणि ती पुढे वाकून बघत होती.

"तो डावीकडच्या कोपऱ्यातला डाग कसला गं, डोरीन?"

"अंगठा दिसतोय कोणाचा तरी. शी! आणि तोही मातीचा!"

मावशी उठली, फडकं घेतलं आणि सगळ्या गल्लीसमोर टीव्हीची काच घासायला लागली. "जात कसा नाही मेला!"

मी हळूच हात खिशात घातला.